बाणावर आलेला बाण

'इंद्रायणी' तांदूळ १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून शेतकऱ्यांच्या हाती आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. वाणाचे आईबाप म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि फिलिपिन्सहून आलेला आयआर-८. एकाकडे वास होता, दुसऱ्याकडे आखूड, ताठ बांधा आणि उतारा. असा संकर केल्यावर पुढच्या पिढ्यांत शेकडो वेगवेगळी झाडे समोर उभी राहतात आणि कोणती ठेवायची, कोणती टाकायची हे पैदासकाराला ठरवावे लागते. भरपूर फुटव्यांची ठेवावीत, की लांब लोंबीची, की जड दाण्याची? 'उत्पन्नाशी ज्याचा सहसंबंध जास्त ते धरा' हे उत्तर सोपे वाटते आणि बऱ्याचदा फसवते.

भाताचे झाड मोजक्या अन्नावर जगते. फुटवे वाढले की दर लोंबीतले दाणे घटतात. समजा (पुढचे आकडे निव्वळ समजावण्यापुरते रचलेले आहेत) फुटव्यांचा उत्पन्नावर थेट परिणाम ०.६० आहे आणि लोंबीतल्या दाण्यांचा ०.७०. फुटवे आणि दाणे यांच्यात −०.५० असा उलटा संबंध आहे. आता फुटवे आणि उत्पन्न यांचा सहसंबंध काढला तर थेट वाटेने ०.६० येतील आणि दाण्यांच्या वाटेने −०.५० गुणिले ०.७०, म्हणजे −०.३५. हाती उरतात ०.२५. हा आकडा पाहून फुटव्यांना गौण ठरवणारा पैदासकार चांगली झाडे बांधाबाहेर फेकेल.

एका सहसंबंधाचे असे वाटावाटांनी तुकडे करण्याची रीत सुअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाची. तो अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्यात गिनीपिगांची वंशपरंपरा अभ्यासत होता आणि १९२१ साली त्याने सहसंबंध आणि कार्यकारण यांवरचा आपला प्रसिद्ध निबंध शेतीसंशोधनाच्या नियतकालिकात छापला. पुढे १९५९ मध्ये ड्यूई आणि लू यांनी एका चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यावर ती रीत वापरून दाखवली आणि मग जगभरच्या पैदासकारांनी ती उचलली. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांतल्या एमएस्सीच्या प्रबंधांत 'पाथ कोइफिशंट अ‍ॅनालिसिस' हे प्रकरण आजही नेमाने असते. त्यातल्या अनेकांत मोजलेले प्रत्येक गुणलक्षण थेट उत्पन्नाकडे बाण मारते आणि कोण कोणाच्या आधी घडते याचा विचार नसतो. राइटची रीत घेतली, पण त्याने ज्याचा आग्रह धरला ते कार्यकारणाच्या बाणांचे चित्र मात्र घेतले नाही.

संरचनात्मक समीकरण प्रतिमान, संशोधकांच्या बोलण्यातले 'एसईएम', हे याच पथ-विश्लेषणाचे थोरले रूप. स्वीडनच्या कार्ल योरेस्कोगने १९७०च्या दशकात लिझरेल या संगणकप्रणालीतून ते सर्वांच्या आवाक्यात आणले. राइटच्या चित्रात त्याने मोठी भर घातली ती सुप्त चलाची. फुटवे मोजता येतात. उमेद, ताण, विश्वास, समाधान हे मोजता येत नाहीत, त्यांच्या खुणा तेवढ्या मोजता येतात. चार-पाच खुणांमागे एक न दिसणारी गोष्ट आहे असे मानून त्या गोष्टीलाच समीकरणात बसवायचे आणि प्रत्येक खुणेतली चूक वेगळी काढायची, हे एसईएमचे वैशिष्ट्य. म्हणून ते मानसशास्त्र, शिक्षण, कृषिविस्तार आणि व्यवस्थापन या विषयांत पसरले. पुण्यात व्यवस्थापनाची पीएचडी करणाऱ्याला विचारा. एमॉस किंवा स्मार्ट-पीएलएस ही प्रणाली त्याच्या लॅपटॉपवर सापडेल.

आणि त्याच विद्यार्थ्याला मार्गदर्शक किंवा परीक्षक हटकून दोन प्रश्न विचारतात. कंट्रोल कोणते घेतले? मॉडरेटर आहे का? प्रश्न एका दमात येतात म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. तसे ते नाहीत.

मावळातलाच नमुना घेऊ. डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी 'चारसूत्री' पद्धत घालून दिली. तूस किंवा पेंढा जमिनीला परत द्यायचा; गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलणीत गाडायचा; दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरची आलटून पालटून अंतरे धरून लावणी करायची; आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. फेकलेला युरिया वाफेने उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो. खोल चिखलातल्या गोळीचे नत्र मुळांजवळ टिकते. आता कल्पना करा की कोणी तालुक्यात पाहणी करते आहे आणि प्रश्न आहे, चारसूत्रीच्या प्रशिक्षणाला गेल्याने उत्पन्न वाढते का? चित्र असे: प्रशिक्षणाकडून पद्धत पाळण्याकडे बाण, तिथून फुटव्यांकडे आणि फुटव्यांकडून उत्पन्नाकडे.

पहिली शंका गावातला कोणीही काढेल. प्रशिक्षणाला जातो कोण? जो मुळातच धडपड्या आहे तो. तोच वेळेवर रोपे टाकतो, बांध धरतो, करपा दिसताच धावतो. म्हणजे त्याचे उत्पन्न प्रशिक्षणाशिवायही जास्त आले असते. धडपडीकडून एक बाण प्रशिक्षणाकडे जातो आणि दुसरा उत्पन्नाकडे. अशा दोन्हीकडे हात असलेल्या गोष्टीला कंट्रोल म्हणून घ्यायचे असते. कंट्रोलचे काम एवढेच की आपल्याला हव्या त्या वाटेवर दुसऱ्याच वाटेने आलेले पाणी मिसळू द्यायचे नाही.

हे काम होण्यासाठी एसईएममध्ये बाण पुरेसे काढावे लागतात आणि इथे फार जण कंजुषी करतात. कंट्रोलकडून एकच बाण शेवटच्या चलाकडे, म्हणजे उत्पन्नाकडे, काढून ते मोकळे होतात. धडपड ही पद्धत पाळण्यावरही परिणाम करते आणि फुटव्यांवरही. तेव्हा ज्या ज्या चलाकडे बाण येतात त्या प्रत्येकाकडे धडपडीचा बाण जायला हवा, निदान तो का नाही याचे कारण तरी लिहायला हवे. शिवाय धडपड आणि प्रशिक्षण यांच्यात दुतोंडी बाण हवा. तो नसेल तर त्या दोघांचा काही संबंधच नाही असे आपण संगणकाला बजावलेले असते, आणि संबंधच नसेल तर नियंत्रण कशाचे करणार? काही प्रणाली हा दुवा आपसूक धरतात; चित्र काढून चालणाऱ्या प्रणालींत तो हाताने काढावा लागतो. कागदावर कंट्रोल दिसतो आणि हिशेबात तो अपुरा पडतो, अशी प्रतिमाने यातूनच तयार होतात.

दुसरी चूक उलट टोकाची: सापडेल ते सारे कंट्रोल करायचे. वय, शिक्षण, क्षेत्र, घरातली माणसे आणि हौसेने फुटव्यांची संख्यासुद्धा. पण फुटवे तर वाटेवरच आहेत. प्रशिक्षणाने जे घडवायचे ते बरेचसे फुटव्यांमधूनच घडणार. फुटवे सारखे असलेल्या दोन खाचरांत प्रशिक्षणाने काय फरक पडला असे विचारणे म्हणजे परिणाम आधी पुसून मग शोधणे. अशा वाटेवरच्या चलाला, म्हणजे मध्यस्थाला, कंट्रोल केले की एकूण परिणाम हातचा जातो. थेट परिणाम आणि मध्यस्थामार्फतचा परिणाम वेगवेगळे मांडायचे असतील तर मध्यस्थाला मध्यस्थाच्याच जागी ठेवावे, कंट्रोलच्या रांगेत बसवू नये.

तिसरी चूक ओळखायला सर्वांत कठीण. त्यासाठी खाचरातून वर, लोणावळ्याला जाऊ.

स्वामी कुवलयानंदांनी (मूळचे जगन्नाथ गणेश गुणे) १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांना क्ष-किरण यंत्र आणि दाबमापक लावून पाहणारा हा माणूस. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खाली उतरतो आणि त्यामुळे बस्तीच्या वेळी पाणी आत खेचले जाते, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. आजच्या बोलीत सांगायचे तर क्रिया आणि फळ यांच्यामधला मध्यस्थ त्यांनी पकडला. 'योगाने होते' एवढ्यावर न थांबता कशातून होते हे विचारण्याची ही सवय त्या काळात विरळ होती.

१९३०च्या दशकात येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन कैवल्यधामात राहून प्राणायाम शिकले. १९३७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी स्वतःवरच केलेली मोजमापे छापली: उज्जायीत प्राणवायूचा वापर नेहमीपेक्षा २४.५ टक्क्यांनी वाढला, भस्त्रिकेत १८.५ आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी. एकाच माणसाची तुलना त्याच माणसाशी. वय, वजन, अंगकाठी, आनुवंशिकता हे सारे दोन्ही बाजूंना आपोआप सारखे. एकही कंट्रोलचा बाण काढायची गरज नाही. वडगावच्या भात केंद्रासारख्या ठिकाणी प्रयोगाची वाफे-मांडणी होते तीही याच विचाराची. पाणी वरच्या खाचरातून खाली उतरते, म्हणून उताराला आडवे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात सगळे वाण चिठ्ठी टाकल्यासारखे विखरून लावायचे. पानसे आणि सुखात्मे यांनी १९५४ साली लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातून शेतीसंशोधकांच्या पिढ्या हे शिकल्या. मांडणीतच साधलेले नियंत्रण नंतर समीकरणात घातलेल्या नियंत्रणापेक्षा केव्हाही भरवशाचे.

पण बेहनन यांच्या मोजमापातून एक गोष्ट कधीच कळणार नव्हती. साठीच्या बाईला उज्जायीने तेवढाच फरक पडेल का? दम्याच्या रोग्याला? जे स्थिर ठेवले ते बदललेच नाही, आणि जे बदलले नाही त्याने परिणाम कमीजास्त होतो का हे त्या आकड्यांत सापडणे शक्य नाही. कंट्रोल आणि मॉडरेटर यांच्यातली खरी ओढाताण ही आहे. एखादी गोष्ट जितकी घट्ट बांधाल, तितका तिच्याविषयीचा दुसरा प्रश्न बंद होत जातो.

आता ती तिसरी चूक. समजा कोणी लोणावळ्यातल्या एखाद्या योगशिबिरातल्या माणसांची पाहणी केली. शिबिराला माणसे दोन कारणांनी येतात: योगाची जुनी गोडी म्हणून, किंवा दुखणे मागे लागले म्हणून. ज्याला गोडी नाही आणि दुखणेही नाही तो आलेलाच नसतो. त्यामुळे शिबिराच्या आत ज्याला गोडी कमी त्याला दुखणे असण्याची शक्यता जास्त, आणि योगाची आवड असणारे निरोगी असतात असा सुरेख सहसंबंध फुकट मिळतो. फाटकाबाहेरच्या जगात त्याचा मागमूस नसेल. दोन बाण ज्याच्यावर येऊन आदळतात अशा चलावर निवड केली किंवा त्याला कंट्रोल केले की नसलेला संबंध जन्माला येतो. पाहणी सबंध शहराची करून त्यात 'कधी शिबिराला गेला होता का' हा प्रश्न कंट्रोल म्हणून घातला तरी फळ तेच. ज्युडिया पर्ल यांनी बाणांच्या चित्रांचे जे नियम मांडले त्यांचा मोठा फायदा हाच, की समीकरण चालवण्यापूर्वी वाईट कंट्रोल नजरेला येतो. संगणकाला तो दिसत नाही. चांगला कंट्रोल आणि वाईट कंट्रोल त्याच्यासाठी आकड्यांचे दोन रकाने असतात.

चौथी अडचण आहे ती चांगल्या कंट्रोलचीच, आणि एसईएम तिथे आपली किंमत वसूल करते. धडपड मोजायची कशी? एकच प्रश्न विचारला, 'तुम्ही नवीन गोष्टी करून पाहता का?', तर उत्तर मोघम येणार. पुन्हा रचलेले आकडे घेऊ. प्रशिक्षणाचा उत्पन्नावर खरा परिणाम शून्य आहे. धडपड आणि प्रशिक्षण यांचा सहसंबंध ०.५०, धडपडीचा उत्पन्नावरचा परिणाम ०.६०. म्हणून प्रशिक्षण आणि उत्पन्न यांच्यात ०.३०चा खोटा संबंध दिसतो. धडपड अचूक मोजून कंट्रोल केली तर तो शून्यावर येईल. पण त्या मोघम प्रश्नाच्या उत्तरांत निम्माच भाग खऱ्या धडपडीचा, उरलेला निम्मा गोंगाट असेल, तर कंट्रोल घालूनही ०.१७ शिल्लक राहतात. चारशे शेतकऱ्यांच्या पाहणीत हा आकडा ठणठणीत लक्षणीय निघेल. सोळाशे शेतकरी घेतले तर आणखी ठणठणीत. मोठा नमुना इथे चूक सुधारत नाही, तिच्यावर शिक्का मारतो. वेस्टफॉल आणि यार्कोनी यांनी २०१६ साली हे सविस्तर दाखवले, आणि 'कंट्रोल केले तरी परिणाम उरला' या वाक्यावर उभ्या असलेल्या कितीतरी निष्कर्षांखालची जमीन हलली.

उपाय म्हणजे धडपडीला सुप्त चल करणे. माती तपासून घेतली का, कृषी सहायकाशी वर्षात किती वेळा बोलणे झाले, नवे वाण गावात आधी कोणी लावले, अशा चार-पाच खुणा घ्यायच्या आणि कंट्रोलचा बाण त्या खुणांमागच्या चलाकडून काढायचा. एक इशारा मात्र द्यायला हवा. सगळेच चल असे खुणांमागे दडलेले नसतात. जमिनीची प्रत घ्या. मातीची खोली, सेंद्रिय कर्ब, पाणी धरण्याची ताकद यांनी प्रत बनते. प्रतीमुळे खोली बनत नाही. तिथे बाण उलटे आहेत, आणि धडपडीचा साचा तिला लावला तर हिशेब जुळतो पण अर्थ राहत नाही. आणि कंट्रोलच्या रांगेतल्या आकड्यांचे अर्थ लावत बसू नये. प्रशिक्षणाच्या परिणामासाठी निवडलेले कंट्रोल प्रशिक्षणापुरते बरोबर असतात. त्याच तक्त्यातून 'शिक्षणाने उत्पन्न इतके वाढते' असे वाक्य काढायला परवानगी नसते.

मॉडरेटरचा प्रश्न वेगळा. प्रशिक्षणाने किंवा गोळीने फरक पडतो हे मान्य. तो सगळीकडे तेवढाच पडतो का? चित्रात मॉडरेटरचा बाण कोणत्याही चलावर येऊन थांबत नाही. तो बाणावर येतो.

मावळात हा बाण पावसाचा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि लोकलने मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव असे उतरत पुण्याला पोचेपर्यंत तो सातशेच्या आसपास आलेला असतो. जेमतेम पासष्ट किलोमीटरमध्ये. आता गोळीचा फायदा पावसाबरोबर वाढेल की घटेल? उत्तर आधीच ठाऊक आहे असे वाटते, पण थांबा. जिथे पाणी बांधावरून खाचराखाचरांतून वाहते तिथे फेकलेला युरिया जास्त वाहून जाणार, म्हणून खोल गोळीचा वरचष्मा पावसाबरोबर वाढायला हवा. पण जमीन हलकी, भुसभुशीत, पाणी खाली झिरपवणारी असेल तर गोळीचे नत्रही मुळांखाली निघून जाते आणि तोच वरचष्मा घटायला हवा. म्हणजे मॉडरेटरची दिशा अटकळीने ठरत नाही. पाणी कोणत्या वाटेने जाते हे सांगावे लागते. 'पाऊस हा मॉडरेटर आहे' एवढेच गृहीतक लिहून प्लस-मायनसचा निर्णय संगणकावर सोडणारे प्रबंध वाचून काही कळत नाही.

समीकरणात मॉडरेटर गुणाकाराच्या रूपाने येतो: गोळी, पाऊस, आणि गोळी गुणिले पाऊस. गुणाकार घातला की गोळीच्या स्वतःच्या आकड्याचा अर्थ बदलतो. तो आता पाऊस शून्य असतानाचा गोळीचा परिणाम सांगतो. मावळात शून्य पावसात भात लावलेला कोणी पाहिलेला नाही. म्हणून पावसातून त्याची सरासरी आधी वजा करतात. मग तोच आकडा सरासरी पावसाच्या गावातला परिणाम सांगू लागतो. यात जादू काही नाही, गुणाकाराचा आकडाही बदलत नाही, पण तक्ता वाचता येतो.

दोन्ही चल सुप्त असतील, समजा धडपड आणि आत्मविश्वास, तर गुणाकार कशाचा करायचा? न दिसणाऱ्या दोन गोष्टींचा गुणाकार करायला आकडेच नाहीत. केनी आणि जड यांनी १९८४ साली वाट काढली: एकाच्या खुणा दुसऱ्याच्या खुणांनी गुणून त्या गुणाकारांमागे तिसरे सुप्त चल मानायचे. वाट खरी, पण बंधनांनी इतकी भरलेली की वर्षानुवर्षे फार थोड्यांनी ती चालून पाहिली. २००० साली क्लाइन आणि मूसब्रुगर यांनी खुणांचा गुणाकार टाळून थेट सुप्त चलांच्या वाटणीवरून हिशेब करणारी रीत दिली. एमप्लससारख्या प्रणालीत ती एका ओळीत चालते. अडचण एवढीच, की प्रतिमान आकड्यांवर कितपत बसले हे सांगणारी नेहमीची मापे मग मिळत नाहीत.

मॉडरेटर गटांचा असेल तर काम सोपे दिसते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशी तीन खोरी घ्या, तिन्हींत तेच चित्र एकाच वेळी बसवा, आणि मग एक बाण तिन्ही ठिकाणी सारखा आहे असे बंधन घालून प्रतिमान किती बिघडते ते पाहा. पण त्याआधी खुणांची पारख हवी. 'वर्षात किती वेळा वडगावच्या तालुका कार्यालयात गेलात?' ही धडपडीची खूण मानली आहे. महामार्गालगतचा शेतकरी बाजाराला जाता जाता डोकावतो. आंदर मावळाच्या आतल्या टोकाच्या माणसाचा तेवढ्यासाठी दिवस मोडतो. दोघांची धडपड तेवढीच असूनही एकाच्या उत्तरात दहा आणि दुसऱ्याच्या उत्तरात दोन येणार. ही खूण एका खोऱ्यात धडपड मोजते, दुसऱ्यात रस्ता. बाणांची तुलना करायची तर निदान खुणांचे भार सर्व गटांत सारखे ठरले पाहिजेत. सरासऱ्यांची करायची तर खुणांच्या सुरुवातीच्या पातळ्याही. सगळ्या खुणा नाही जुळल्या तर ज्या जुळत नाहीत त्या मोकळ्या सोडून बाकीच्यांवर भागवता येते. ही पायरी गाळली तर मॉडरेटर म्हणून जे सापडते तो कित्येकदा प्रश्नावलीचा दोष असतो.

आणखी एक सवय सोडण्यासारखी. नाणे मावळात परिणाम ०.३०, लक्षणीय. पवन मावळात ०.२०, लक्षणीय नाही. म्हणून 'खोरे मॉडरेटर ठरले' असे लिहून मोकळे होतात. दोन्हींची प्रमाण त्रुटी ०.१२ धरा. फरक ०.१० आणि त्या फरकाची त्रुटी ०.१७. म्हणजे फरकाबद्दल काहीच सांगता येत नाही. प्रश्न फरकाचा असेल तर कसोटीही फरकाचीच घ्यावी लागते.

आता दोन्ही प्रश्न एकत्र आणू, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. समजा पावसाबरोबर गोळीचा परिणाम बदलतो असे दिसले. पण लोणावळ्याकडे जाताना फक्त पाऊस वाढत नाही. उतार वाढतो, माती बदलते, जमिनी बंगल्यांसाठी विकल्या गेल्याने शेतमजूर मिळेनासा होतो, आणि गोळी खोचणे हे तर हाताचे, कंबर मोडणारे काम. मग बाणावर येणारा बाण पावसाचा की मजुरांच्या टंचाईचा? मजुरी कंट्रोल म्हणून साधी घातली, उत्पन्नाकडे एक बाण देऊन, तर या प्रश्नाला तिचा स्पर्शही होत नाही. तिने उत्पन्नाची पातळी सावरली, गोळीच्या परिणामातला बदल नाही. पावसाचा गुणाकार तपासताना गोळी गुणिले मजुरी हाही गुणाकार प्रतिमानात हवा. जो पावसासोबत बदलतो आणि स्वतः बाण वाकवू शकतो, त्या प्रत्येक कंट्रोलला मॉडरेटरचीही जागा द्यावी लागते. इझर्बिट, म्युलर आणि जड यांनी २००४ साली हे नीट मांडले, तरी तक्त्यांत ते क्वचितच दिसते. कारण उघड आहे: गुणाकार वाढले की आकडे विखुरतात आणि काहीच लक्षणीय उरत नाही.

तिथे नमुन्याचा हिशेब येतो, आणि तो निर्दय आहे. साधा परिणाम पकडायला जेवढे शेतकरी पुरतात, त्याच्या निम्म्या आकाराचा मॉडरेटर पकडायला साधारण सोळा पट लागतात. दोनशेचे तीन हजार दोनशे होतात. एका विद्यार्थ्याच्या ताकदीबाहेरचे काम. त्यातल्या त्यात एक सोय असते. मॉडरेटर ज्या पट्ट्यात बदलतो त्याची टोके निवडली तर तेवढ्याच शेतकऱ्यांत गुणाकाराचा आकडा पुष्कळ नेमका मिळतो. मधली गावे त्याच्यासाठी फारशी बोलत नाहीत. मावळात ही टोके एकाच तालुक्यात आहेत: कुरवंडे-कार्ल्याकडची गावे एका बाजूला, वडगावकडची दुसऱ्या बाजूला. फक्त सगळा नमुना टोकांवर खर्च केला तर परिणाम सरळ रेषेत बदलतो की मध्येच कुठे वळतो हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून कामशेतकडची दोन-चार गावे यादीत ठेवावी लागतात, आकडा थोडा ढिला पडला तरी.